उन्हाळ्याचे दुपट्टे घरीच रंगवले

नागपुरात मार्च लागला की दुपट्ट्याशिवाय गाडीवर बसायची सोय नाही. डोकं, कान, नाक, मान सगळं गुंडाळायचं, डोळ्यांवर गॉगल, की झालं. हा दुपट्टा सुती हवा, चांगला लांब-रुंद हवा आणि रोज धुतला तरी टिकायला हवा. बाजारात मिळणारे छान रंगीत दुपट्टे नेमके इथेच कमी पडतात. हात लावला की कळतं, निम्मं पॉलिस्टर आहे, घाम टिपणार नाही. आणि जे खरंच सुती असतात त्यांचा रंग पहिल्या धुण्यातच बादलीत उतरतो. म्हणून पांढरं कापड आणून घरीच बांधून रंगवायला लागले. आता घरातले दुपट्टे, रुमाल, भाजीच्या पिशव्या, मुलींचे केसांचे रबर, सगळं गच्चीवरच रंगतं.

टाय-डाय म्हटलं की सगळ्यांना दोरा गुंडाळणं आणि सोडणं तेवढं दिसतं. ते आनंदाचं आहेच. पण रंग टिकतो की नाही हे ठरतं बांधण्याच्या आधी आणि रंगवण्याच्या नंतर. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं कापड. गांधीबागेत ठोकाचा बाजार असला तरी मीटरवर कापून देणारी दुकानंही आहेत. मी मलमल आणि केंब्रिक घेते, पिशव्यांसाठी मांजरपाट. दुकानात प्रत्येक ताका 'प्युअर कॉटन'च असतो, त्यामुळे पारख आपण करायची. आमच्या घरी ते काम बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. ते एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेदजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ही गिरणी २००२ मध्ये बंद झाली, पण बाबांच्या बोटांतून कापड काही गेलं नाही. ते कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा ओढून काढतात आणि काडीने पेटवतात. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरली जाते. पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला टणक काळा खडा राहतो. एका दुकानातून आणलेल्या 'शुद्ध' कापडाचे दोन्ही धागे जळाले नीट, पण टोकाला बारीक खडा राहिलाच. बाबा म्हणाले, "हे मिसळीचं आहे बाई, यावर मेहनत नको करू." आपण जे रंग वापरतो ते सुताला आणि त्याच्या भावंडांना धरतात, म्हणजे लिनन, रेयॉन, व्हिस्कोस. पॉलिस्टरला ते शिवतही नाहीत, त्यामुळे मिसळीचं कापड फिकटच राहतं.

कापड आणलं की मला लगेच बांधायला बसायचं असायचं. बाबांनी थांबवलं. "पहिले याची खळ काढ, मंग रंगाचं बोल." मागावर उभे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावतात, आणि कोऱ्या कापडात ती तशीच असते. वर दुकानात टापटीप दिसावं म्हणून आणखी काही चढवलेलं असतं. रंगाला धाग्यापर्यंत पोचायलाच जागा नसते. मी कडकडीत पाण्यात साबणाची पूड आणि थोडा धुण्याचा सोडा घालून कापड भिजत ठेवते आणि मग चोळून धुते. पाणी पिवळसर आणि किंचित बुळबुळीत निघतं. वाळल्यावर कापडावर पाण्याचा एक थेंब सोडून बघायचा. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर खळ अजून आहे. पडताक्षणी कापडाने पिऊन टाकला तर कापड तयार. ही परीक्षा इतकी सोपी आहे की मी आता ती कधीच टाळत नाही.

रंग घेताना दुकानदाराला 'कोल्ड रिॲक्टिव्ह' असं स्पष्ट सांगावं लागतं. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने १९५६ साली असे रंग 'प्रोशियन' या नावाने बाजारात आणले, आणि आपल्याकडेही जुने रंगवाले या जातीच्या रंगाला प्रोशियन म्हणूनच ओळखतात. पातेल्यात कापड उकळून रंगवायच्या ज्या पुड्या मिळतात त्यांचा रंग धाग्याला नुसता चिकटून बसतो. रिॲक्टिव्ह रंग सुताशी रासायनिक बंध जोडतो, धाग्याचाच भाग होतो. उकळायचीही गरज नाही. पण हा बंध जुळतो तो पाणी चांगलं अल्कधर्मी असेल तेव्हाच, आणि तिथे सोडा लागतो.

धुण्याचा सोडा, ज्याला दुकानात सोडा ॲश म्हणतात तो. खायचा सोडा नाही, त्याचा जोर पुरत नाही. एक लिटर पाण्याला साधारण ६० ग्रॅम. शेजारच्या काकूंनी मला मनापासून सांगितलं होतं, "अगं, मीठ आणि व्हिनेगर टाक, रंग पक्का होतो." काकूंचं म्हणणं लोकरीला आणि रेशमाला वापरायच्या आम्लाच्या रंगांसाठी बरोबर आहे. सुतावर रिॲक्टिव्ह रंग लावताना व्हिनेगर घातलं तर ते सोड्याचाच जोर मारतं. आपल्याकडे हा सल्ला घरोघरी फिरतो म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

आणि एक गोष्ट कृपा करून हलक्यात घेऊ नका. या रंगांची पूड फार बारीक असते आणि श्वासातून जात राहिली तर दम्यासारखा त्रास कायमचा मागे लागू शकतो. रंग कालवताना मी पंखा-कूलर बंद करते, मास्क लावते, हातमोजे घालते आणि मुलांना खाली पाठवते. एकदा पूड पाण्यात विरघळली की ही भीती बरीच कमी होते. रंगाला वापरलेली भांडी, चमचे, बादल्या पुन्हा स्वयंपाकघरात आणायच्या नाहीत. माझ्याकडे त्यांचा वेगळा डबाच आहे.

आता बांधणं. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही रुमालात हरभरे बांधून बांधणी केली होती, ते हाताला आठवत होतं. घरी मात्र मी हरभऱ्याऐवजी लहान मणी किंवा कंचे घेते, कारण हरभरे सोड्याच्या पाण्यात फुगतात आणि नंतर चिकट होऊन निघता निघत नाहीत. कापडाच्या मागून मणी लावायचा, पुढून त्याची मान धरायची आणि जाड दोऱ्याचे वेढे एकावर एक घट्ट द्यायचे. वेढे जितके रुंद, तितकं पांढरं कडं मोठं. दोरा तोडायचा नाही, तसाच पुढच्या मण्याकडे न्यायचा, म्हणजे सोडताना एक टोक ओढलं की पटापट सुटत जातं. जामनगर-भूजकडच्या बांधणी करणाऱ्या बायका मणीबिणी काही घेत नाहीत. करंगळीच्या वाढवलेल्या नखाने किंवा टोकदार अंगठीने कापडाचा कण उचलतात आणि त्यालाच दोरा देतात. मी एका रुमालाचा एक कोपरा तसा करून पाहिला. त्यानंतर बांधणीच्या साडीची किंमत ऐकून मी कधी घासाघीस केली नाही.

दुपट्ट्याला मला निऱ्या आवडतात. कापड ओलसर करून लांबीत बोटभर निऱ्या घालायच्या, मग दर वितीवर सुतळी आवळायची. उघडल्यावर आडव्या पट्ट्या येतात, कडा थोड्या फुटलेल्या, पाण्यावरच्या लहरींसारख्या. चक्रीसाठी मधोमध चिमटीत धरून कापड गोल गोल फिरवायचं, सपाट चकती होऊ द्यायची आणि वरून रबरबँड लावायचे. चकती मध्ये उंच होऊ द्यायची नाही, नाहीतर आतल्या घड्यांत रंग जात नाही.

बऱ्याच ठिकाणी कापड आधी सोड्यात बुडवून मग बांधायला सांगतात. मला उलटं बरं वाटतं. आधी साध्या पाण्याने ओलं करून उघड्या हातांनी निवांत बांधायचं आणि मग आख्खं गाठोडं सोड्याच्या पाण्यात अर्धा तास सोडायचं. सोड्याने हाताची कातडी सोलवटते, आणि मोजे घालून बारीक गाठी मारता येत नाहीत. मांजरपाटाच्या पिशवीला अर्ध्या तासाहून जास्त वेळ द्यावा लागतो. नंतर गाठोडं कचकून पिळायचं. पाणी राहिलं तर रंग पसरून नक्षी पुसट होते.

पाव लिटर पाण्याला ५ ग्रॅम रंग घेतला की गडद छटा येते, फिकी हवी असेल तर २ ग्रॅम पुरे. त्यात एक मोठा चमचा युरिया घालते, तो ओल धरून ठेवतो. सॉसच्या बाटल्यांतून रंग सोडते आणि बाटलीचं तोंड घड्यांच्या आत खुपसून दाबते, कारण वरून भिजलेलं गाठोडं आत कोरं असू शकतं. रंग निवडताना शेजारी-शेजारी चांगले मिसळणारे घ्यावेत. पिवळा आणि राणी मिळून मधे केशरी फुलतो, फिरोजी आणि पिवळा मिळून पोपटी. लाल-हिरवा किंवा जांभळा-पिवळा एकमेकांत शिरले की मातकट होतात. सोडा लागला की रंगाची ताकद काही तासांत संपते, म्हणून बाटल्यांतला रंग सोड्याशिवाय ठेवायचा आणि लागेल तेवढाच कालवायचा.

इथून पुढे नागपूरचं हवामान कामाला येतं, आणि आडवंही येतं. या रंगांना ऊब हवी असते. थंड हवेत बंध जुळायला फार वेळ लागतो, पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सावलीतही ऊब मागावी लागत नाही. मात्र बंध जुळतो तो कापड ओलं असेपर्यंतच. कापड वाळलं की काम थांबलं. आणि आपली लू तर ओला टॉवेल बघता बघता कडक करते. म्हणून गाठोडं रंगवल्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं, आणि सगळ्या पिशव्या झाकणाच्या टबात ठेवायच्या. मी टब जिन्याखाली सावलीत ठेवते आणि रात्रभर हात लावत नाही. कूलरच्या खोलीत हवा ओली असते खरी, पण गारही असते, आणि बांधलेल्या पिशवीतली ओल पुरेशी आहे. डिसेंबरात मात्र पूर्ण चोवीस तास देते आणि टब दुपारी उन्हात सरकवते. फिरोजी सगळ्यात सावकाश धरतो, त्याला उन्हाळ्यातही जास्त वेळ लागतो.

सगळ्यात जास्त कष्ट धुण्यात आहेत. सगळा रंग धाग्याला बांधला जात नाही, काही नुसता अडकून बसतो, आणि तो आत्ताच काढला नाही तर पुढे प्रत्येक धुण्यात निघत राहतो. आधी गाठी न सोडता गार पाण्याखाली धरायचं, म्हणजे सोडा आणि सुटा रंग जातो आणि पांढरा भाग डागत नाही. मग गाठी सोडायच्या. त्यानंतर हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात साबण घालून काठीने ढवळायचं, भिजू द्यायचं, पाणी बदलायचं, पुन्हा. गार पाणी निवळ आलं म्हणून थांबू नये. तेच कापड गरम पाण्यात टाकलं की पुन्हा रंग सुटतो. गरम पाणी निवळ निघालं की मगच झालं.

यात पाणी फार जातं, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे नळ ठरावीक वेळच येतो. बोअर आहे, पण बोअरचं पाणी जड. एकाच तुकड्याचे दोन रुमाल एकाच रंगाने रंगवून पाहिले, एकाला सगळीकडे नळाचं पाणी, दुसऱ्याला बोअरचं. बोअरच्या रुमालावर रंग मंद आला आणि बारीक ठिपके उमटले. पाण्यातला चुना सोड्याशी आणि रंगाशी मिळून गाळ धरतो त्याचा हा परिणाम. आता सोडा, रंग आणि शेवटचं गरम धुणं यांना नळाचंच पाणी, आणि मधल्या गार धुण्यांना बोअर. धुतलेलं पाणी सोड्यामुळे झाडांना घालत नाही, ते मोरी आणि अंगण धुवायला जातं.

तयार पिशव्या किंवा कुर्ते रंगवलेत तर शिवणीचा दोरा बहुतेक वेळा पॉलिस्टरचा असतो, तो पांढराच राहतो. गडद निळ्या पिशवीवर पांढरी शिवण मला फार आवडते. केसांच्या रबरांसाठी मात्र कापड आधी रंगवून मगच शिवते, कारण चुण्यांत रंग सारखा जात नाही.

फाल्गुनात रामटेककडे जाताना पळस फुललेला दिसला की त्याचाही रंग करते. गळून पडलेली फुलं उकळून पिवळा अर्क काढायचा आणि कापडाला आधी तुरटीचा हात द्यायचा. त्याचा मऊ पिवळा बाटलीतल्या कुठल्याही रंगात मिळत नाही, पण उन्हात तो उडतो. म्हणून पळस रुमालांना आणि ताटावरच्या झाकण्यांना, आणि मे महिन्याच्या दुपारी गाडीवर जाणाऱ्या दुपट्ट्याला रिॲक्टिव्ह.