रानधान नुसतं उपटू नका

देगलूरहून बोधनकडे निघालं की साळीची शेतं लागतात. तिकडे माझ्या मावशीच्या शेताला लागून एक डबकं आहे, त्यात रानधान, म्हणजे रानटी भात, उगवतं. लांबून साळच वाटते. लोंबीला हात लावला की पिकलेले दाणे भराभर चिखलात झडतात. दाण्याला बोटभर लांब, खरखरीत, तांबूस कुसळ. सोललं तर आत बारीक लाल तांदूळ. काका दिसेल तिथे ते उपटतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. बियाण्यात हे मिसळलं की पुढची कितीतरी वर्षं निंदून सरत नाही.

पण मी परभणीला पीक पैदास शिकले, तेव्हापासून मला ते नुसतं तण वाटत नाही.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आग्नेय आशियात तपकिरी तुडतुड्यांनी भातावर एक विषाणूरोग पसरवला. रोप खुजं राहायचं, गवतासारखा झुबका व्हायचा, लोंबी धरायचीच नाही. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून जास्त नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा निघाला तो एकच, ओरायझा निवारा या रानभाताचा, आणि तो आपल्या उत्तर प्रदेशातून गोळा केलेला होता! डॉ. गुरदेव खुश यांच्या चमूने त्याचा गुण आयआर ३६ या वाणात उतरवला. १९७६ साली आलेला हा वाण पुढे जगात सुमारे १ कोटी १० लाख हेक्टरवर पेरला गेला. तो एक नमुना कुणी उचललाच नसता तर?

लोक विचारतात, हे बीटी कपाशीसारखंच, प्रयोगशाळेत परका जनुक घातलेलं का? नाही. इथे साधा संकर असतो. रानभाताशी संकर केला की पहिल्या पिढीत निम्मा वाटा रानटी, म्हणजे झडणं, कुसळ, लाल दाणा हे सगळं सोबत येतं. म्हणून ते रोप पुन्हा पुन्हा चांगल्या वाणाशी संकरायचं. दर वेळी रानटी वाटा साधारण निम्मा होतो, चौथ्या वेळेला जेमतेम ३ टक्के उरतो. हवा तो जनुक टिकला की नाही, हे आता रोपाच्या पानाचा तुकडा तपासूनच कळतं. हैदराबादच्या दोन संस्थांनी २००८ साली दिलेली सुधारित सांबा मसुरी ही भाताची जात अशीच झाली. तिच्यात कडा करपा या भाताच्या रोगाला रोखणारे तीन जनुक आहेत. त्यातला एक्सए २१ मूळ आफ्रिकेतल्या मालीच्या रानभाताचा.

मराठवाड्यात साळ थोडी, तूर उदंड. तुरीचंही तसंच आहे. संकरित तुरीसाठी लागणारी नरवंध्यता, म्हणजे फुलात कामाचे परागकण न धरण्याचा गुण, शास्त्रज्ञांना तिच्या रानटी भाऊबंदांतूनच मिळाली.

मागच्या वर्षी आमच्याकडे रस्ता रुंद करताना एका ओढ्याकाठचं रानधान मुरमाखाली गेलं. बी कुणी घेतलंच नव्हतं. माझ्या जिवाला ते फार लागलं.

म्हणून सांगते. शेतातलं खुशाल उपटा, पण तळ्याकाठी, ओढ्यात दिसलं तर लोंबी पिकायच्या आधी तिच्यावर मलमलची पिशवी बांधा, नाहीतर दाणा हाती लागत नाही. बी सावलीत वाळवून कागदी पाकिटात भरा, वर गाव, जागा, तारीख लिहा. पिकांचं आणि त्यांच्या रानटी भाऊबंदांचं बी जपणाऱ्या राष्ट्रीय वनस्पती अनुवंशिक संसाधन ब्युरोची केंद्रं अकोल्याला आणि हैदराबादला आहेत, तिथे आधी विचारून घ्या. माझ्याकडून या हंगामातलं पाकीट अकोल्याला जाईल.