वृंदेचा अबोला

दिवाळीच्या सुटीत कुडाळला आलेली माझी भाची ओसरीवर बसून एक जाडजूड अद्भुतरम्य कादंबरी वाचत होती. तिच्यातली नायिका शत्रुपक्षातल्या पुरुषावर जीव टाकते, देवीपुढे घेतलेल्या शपथेने बांधलेली असते आणि वर गादीची वारसही असते. “मामा, असली गुंतागुंतीची बाई आपल्याकडच्या गोष्टींत नसते,” असे तिने मला ऐकवले. ती ज्या खांबाला टेकली होती त्याच्यापासून दहा पावलांवर आमचे तुळशीवृंदावन होते आणि मी त्याला त्याच सकाळी नवा रंग दिला होता.

वृंदा ही कालनेमीची मुलगी आणि जालंधराची पत्नी. जालंधर शिवाच्या क्रोधाग्नीतून समुद्रात जन्मला, म्हणून तो सागरपुत्र. असुर असूनही आम्हां किनाऱ्यावरच्या लोकांना तो थोडा घरचा वाटतो. आमच्याकडे सांगतात त्या कथेत वृंदा विष्णूची भक्त आहे आणि तिच्या पातिव्रत्याच्या बळावर नवरा रणात अजिंक्य राहतो. भाचीच्या नायिकेला ओढ, श्रद्धा आणि कर्तव्य यांतून निवड तरी करता येते. वृंदेच्या बाबतीत हे तिन्ही एकाच दिशेने वाहत होते. त्यांत भांडण लावले ते तिच्याच देवाने, नवऱ्याचे रूप घेऊन दारात उभे राहून. तिने मिठी मारली ती पत्नी म्हणून, आणि त्याच मिठीत तिकडे नवरा मारला गेला. मला विचाराल तर एवढी अवघड जागा कुठल्याही कादंबरीकाराने आपल्या नायिकेला दिली नसती.

गेल्या वर्षीच्या जत्रेत दशावतारात हेच आख्यान लागले होते. दशावताराला लिखित संहिता नसते, संवाद नटाने उभ्या उभ्या रचायचे असतात, आणि वृंदेचा स्त्रीपार्टी नट तासाभरापूर्वी देवळामागे लुगडे सावरत विडी ओढताना मी पाहिला होता. कपट उघड झाले तेव्हा पेटी आणि मृदंग थांबले. आता शाप येणार म्हणून सगळे सरसावून बसले, पण तो बाकड्यावर बसून आपल्या उजव्या तळव्याकडे बघत राहिला आणि मग ओल्या वस्तूला हात लागावा तसा तो तळवा त्याने सावकाश पदराला पुसला. “तू दगड होशील” हे शब्द त्यानंतर आले, तेही अगदी हळू. पहाटे मी त्याला त्या थांबण्याविषयी विचारले, तर तो म्हणाला, “आधी तिका कळाक नको?”

पुराणात वृंदेच्या राखेतून तुळस, आवळी आणि मालती उगवल्याचे सांगितले आहे, आणि आम्ही कार्तिकात तुळशीपाशी ऊस, चिंचा आणि आवळे ठेवून तिचे त्याच विष्णूशी लग्न लावतो. यंदा अंतरपाटाचे एक टोक भाचीच्या हातात होते. मंगलाष्टके संपली, पोरांनी अक्षता उधळल्या, पलीकडच्या माणसाने आपले टोक सोडले, तरी ती आपले टोक घट्ट धरून तुळशीकडे बघत उभी राहिली, तेव्हा मागून आई म्हणाली, “सोड गो चेडवा.”