परमिट रूमचं लायसन आणि ७५ मीटरचा घोळ : माझा अनुभव

संभाजीनगरात ज्याला कुणाला परमिट रूम टाकायचाय त्यानं जागेचा भाडेकरार नंतर करावा, आधी हार्डवेअरच्या दुकानातून शंभर मीटरचा टेप आणावा. फायबरचा घ्या, वाऱ्यानं फडफडत असला तरी चालतो. हे मी मस्करीत सांगत नाहीये.

आपल्याकडं रात्री नऊनंतर माणूस जेवायला निघाला की गाडी कॅनॉटला नाहीतर निराला बाजारला वळती. कॅनॉटला पार्किंग शोधता शोधता भूक मरती. आमच्या भागात भुर्जीच्या गाड्या, दोन खानावळी, बस. बिअर आपल्याच वाळूजला बनती आणि ती निवांत बसून प्यायला पार जालना रोड ओलांडून जा. दाजी आधी वाळूजला कंपनीचं कॅन्टीन चालवायचे, त्यांना किचनची सगळी माहिती, माझ्याकडं थोडे पैसे आणि कागदाच्या मागं पळायची सवय. म्हणलं चला, खाली एसी फॅमिली रेस्टॉरंट आणि वर परमिट रूम करू.

फूड लायसन, शॉप अ‍ॅक्ट, जीएसटी, करारनामा हे सगळं झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फूड लायसनचा चौदा आकडी नंबर तेवढा आधी घेऊन ठेवा, पुढं प्रत्येक सरकारी टेबलावर तोच विचारतात.

अडकलो ते ७५ मीटरला.

नियम आता मला झोपेत विचारला तरी सांगीन. एफएल-३ म्हणजे परमिट रूमचं लायसन, त्याला शाळा-कॉलेज आणि धार्मिक संस्थेपासून ७५ मीटर अंतर लागतं. ते नकाशावर पट्टी ठेवून मोजायचं नसतं. बारच्या दाराच्या मध्यापासून, पायी माणूस साधारणपणे ज्या जवळच्या वाटेनं जातो त्या वाटेनं, समोरच्याला कंपाउंड असेल तर त्याच्या गेटच्या मध्यापर्यंत, नसेल तर दाराच्या मध्यापर्यंत. आमच्या समोर, रस्त्यापलीकडं, एक मारुतीचा ओटा आहे. वर पत्रे, शेंदूर लावलेली मूर्ती, शनिवारी रुईच्या पानांची माळ, एवढंच. मधी डिव्हायडर. सरळ मोजलं तर ६२ मीटर, डिव्हायडरच्या तोंडापर्यंत जाऊन वळसा घालून मोजलं तर ९४. आम्ही निर्धास्त.

एक्साइजचे साहेब व्हिजिटला आले तेव्हा शिपायानं शटरच्या बरोबर मधी खडूनं फुली मारली, टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि निघाला सरळ डिव्हायडरकडं. तिथं जाळीचे दोन गज कुणीतरी कधीच कापून नेलेत. म्हणलं अहो वळसा तिकडून आहे. साहेब काही बोललेच नाहीत, नुसतं बोट दाखवलं. बरोबर त्याच वेळेला एक काकू दुधाची पिशवी घेऊन, साडी सावरत त्या गजांमधून आरपार गेल्या, त्यांच्या मागं शाळेतली दोन लेकरं. "साधारण माणूस कुठून जायलाय, तुम्हीच सांगा," साहेब म्हणले. आता ह्याच्यावर काय बोलणार? कागदावर आला आकडा ६४.

दाजींचा चेहरा पडला. पण मी तोवर नियम पूर्ण वाचला होता. धार्मिक संस्था म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक देव नाही, मुख्यतः पब्लिक ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या संस्थेच्या ताब्यातलं देवस्थान. आणि हा ओटा कुणाचाच नाही. तसं लेखी दिलं तर उत्तर आलं, ओट्यावर बोर्ड आहे. होता ना. खालच्या ओळीत "सेवाभावी ट्रस्ट" आणि त्याच्या पुढं कंसात बारीक अक्षरात "नियोजित". ते नियोजित वाचायला कुणी तयार नाही! ट्रस्ट नोंदलेला नाही असा दाखला आणा म्हणले.

खरी चीड इथून पुढची आहे. नोंदलेल्या ट्रस्टचा उतारा निघतो, नंबर पडतो, सगळं होतं. न नोंदलेल्याचा दाखला कोण देणार? एका ऑफिसात (नाव घेत नाही, कामं पडतात) गेलो तर म्हणले नंबर सांगा. म्हणलं नंबर नाही तेच लिहून पाहिजे. मग म्हणले नंबर नसेल तर शोधता येत नाही. दुसऱ्या टेबलावर पाठवलं, ते टेबल जेवायला गेलेलं. ते जेवून आलं तर म्हणलं असला नमुनाच नाही आमच्याकडं. परत आपल्या फाईलवर आलो तर फाईलला नवीन त्रुटी, चतुःसीमा नकाशावर ओटा दाखवलेला नाही. दाखवून दिला. मग त्रुटी, ओट्यापुढं देवस्थानाची नोंद आहे का नाही ते लिहिलेलं नाही. अहो त्याचाच तर दाखला शोधत फिरायलोय! ह्या सगळ्यात भाडं चालू, आचारी आगाऊ पैसे घेऊन बसलेला, एसी खोक्यात, आणि घरी आई रोज विचारणार, "काहून रे, तुझं हॉटेल कधी उघडायलं?" तिला अजून वरच्या मजल्याचं सांगितलेलं नव्हतं, तो वेगळा विषय.

शेवटी सुटलं ते माहिती अधिकारात. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लिहायचा, महाराष्ट्रात तसा नियम आहे, नाहीतर त्याच कारणावरून परत येतो. मी विचारलं एवढंच, ह्या नावाची, ह्या पत्त्यावरची कुठली न्यास नोंदणी आपल्या अभिलेखात आहे का, असल्यास उतारा द्यावा. दाखला मागायचा नाही, माहिती मागायची, ही खरी मेख आहे. दाखल्याला नमुना लागतो, माहितीला लागत नाही. तीस दिवसांची मुदत असती, उत्तर मुदतीत आलं: "अभिलेखात नोंद आढळून येत नाही." एक ओळ, सही, गोल शिक्का. मी त्या कागदाचं लॅमिनेशनच करणार होतो, दाजी म्हणले अरे वेड्या, मूळ प्रत फाईलला लावायचीय.

ती लावल्यावर फाईल हलली. पोलिसांचा अहवाल वगैरे सगळं मागून येत गेलं आणि मंजुरी आली. त्या दिवशी दाजींनी नवीन किचनमधी काळ्या मसाल्याचं मटण केलं, ज्वारीच्या भाकरी केल्या, मी चार खाल्ल्या.

आता आठवतील तशा गोष्टी सांगतो. शेजारच्या बायकांशी आधी जाऊन बोला, खरंच बोला, नुसती मिठाई वाटू नका. वॉर्डातल्या मतदारांनी मागणी केली तर मतदान लागतं आणि आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करायच्या बाजूनं, पुरेशी मतं पडली तर कितीही कागद असू द्या, शटर खाली. आमच्याकडं आलेल्या ताईंचं म्हणणं एवढंच होतं की पिऊन लोकं बाहेर रस्त्यावर उभी राहू नयेत, म्हणून गेटला माणूस ठेवलाय, पगार जातो पण झोप लागती.

वेटरला पहिल्या दिवशीच सांगून ठेवा, बिअर २१ च्या पुढं, कडक दारू २५ च्या पुढं. पोरं दाढी वाढवून येतात, आधार बघायचं. पिणाऱ्यालाही परवाना लागतो, एक दिवसाचा पाच रुपयांचा, त्याची पुस्तकं गल्ल्यावर पाहिजेत, गिऱ्हाईक हसतं, हसू द्या.

दुकानं-हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवता येतात असं कुणी सांगितलं तर ते खरंय, पण परमिट रूम आणि बिअर बार त्यातून वगळलेत. निवडणूक आली की मतदान संपायच्या आधीचे ४८ तास बंद, त्या हिशोबानं माल भरा.

पैशाचं म्हणाल तर आकडे काढूनच उतरा. बारमधल्या दारूवरचा व्हॅट ५ चा १० टक्के झाला, वर लायसन फी वाढली, उत्पादन शुल्क वाढलं, म्हणूनच १४ जुलै २०२५ ला राज्यभर बारवाल्यांनी बंद पाळला होता. आमचा गल्ला अजून तरी खालच्या फॅमिली सेक्शनवरच चालायलाय, दाल तडका, चिकन हंडी आणि शनिवारी-रविवारी बिर्याणी.

आणि लायसनचं वर्ष ३१ मार्चला संपतं. रिन्युअलला शेवटच्या आठवड्यात गेलात तर अख्ख्या जिल्ह्याचे बारवाले तुमच्या पुढं उभे असतात, फेब्रुवारीतच चलन भरून मोकळे व्हा.