एसएसडी चांगली असते, बूटचा भाग जुन्या डिस्कवर राहिलेला असतो

माझ्या आतेभावाचा इचलकरंजीत यंत्रमागाचा जॉबवर्कचा धंदा आहे, बिलं सगळी टॅलीत, म्हणजे पीसी बंद पडला की बिलं बंद. जुनी हार्ड डिस्क कटकट आवाज करायला लागली म्हणून त्याने दुकानातून नवीन एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क) बसवून घेतली, तिच्यावर विंडोज टाकून घेतलं, पीसी एकदम सुसाट पळायला लागला आणि मग आता जुनी कशाला ठेवायची म्हणून ती काढली तर काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नाही असा मेसेज. दुकानवाला म्हणे एसएसडी फॉल्टी आहे, दुसरी घ्या. दादाचा फोन आला, "अगं परवाच तर घेतलीय, लगेच कशी काय बाद होईल?"

मला राग याचाच येतो की चांगला पार्ट बघितल्याशिवाय बाद ठरवतात आणि माणूस परत पैसे घालतो.

मी त्याला पहिल्यांदा बायोसमध्ये जायला सांगितलं (विंडोजच्या आधी उघडणारं पीसीचं सेटिंग, बहुतेक मदरबोर्डांवर पीसी चालू होताना डिलीट नाहीतर एफ २ दाबायचं), तिथे एसएसडीचं नाव नि साइज दोन्ही बरोबर दिसत होतं. म्हणजे केबल ठीक, एसएसडी जिवंत. तिथे नावच दिसलं नसतं तर गोष्ट वेगळी, मग केबल बदला, सॉकेट बदला, आणि एम डॉट टू वाली (केबलशिवाय थेट मदरबोर्डावर बसणारी चपटी) असेल तर बोर्डाचं मॅन्युअल बघाच कारण काही बोर्डांवर एम डॉट टू स्लॉट वापरला की एखाददुसरा साटा पोर्ट (डिस्कची केबल लागते ती जागा) बंद होतो, आणि काही स्लॉटमध्ये एनव्हीएमई ही जास्त वेगवान प्रकारची एसएसडी चालते तर काहींत फक्त साटा प्रकारची.

मग म्हटलं दादा, जुनी डिस्क परत जोड. जोडली आणि विंडोज चालू! तेही नवीन एसएसडीवरचंच. इथे सगळं कळलं.

यूईएफआयवाला (म्हणजे नव्या प्रकारच्या बायोसचा) पीसी चालू होताना सरळ विंडोजच्या फोल्डरकडे जात नाही. आधी तो एक छोटं ईएफआय पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) शोधतो, फॅट ३२ फॉरमॅटचं, बऱ्याचदा १०० एमबीचं, त्यात बूट मॅनेजर असतो आणि तो पुढे विंडोज उठवतो. दुकानात विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेलीच होती, सेटअपला तिच्यावर ईएफआय पार्टिशन आयतं मिळालं, त्याने बूटच्या फायली तिथेच ठेवल्या आणि एसएसडीवर नुसतं विंडोज टाकलं. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडायला लावलं तर अगदी तेच, ईएफआय पार्टिशन जुन्या डिस्कवर आणि एसएसडीवर त्याचा पत्ताच नाही.

आता इलाज. आधी टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेतला, त्याशिवाय मी पार्टिशनला हात लावू देत नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की पण आधी लिहून ठेवा. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्ह ३०० एमबीने श्रिंक म्हणजे लहान केला, अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये डिस्कपार्ट हे पार्टिशन बनवायचं टूल उघडलं, लिस्ट डिस्क करून एसएसडीचा नंबर नीट बघून घेतला (दोन्ही डिस्क सारख्या साइजच्या असल्या तर इथे घोळ होतो, दोनदा बघा) आणि त्याच यादीत जीपीटीच्या (डिस्कवर पार्टिशनं मांडायची नवी पद्धत) खाली स्टार आहे का तेही बघितलं, होता. मोकळ्या जागेत २६० एमबीचं ईएफआय पार्टिशन बनवलं, फॅट ३२ ने फॉरमॅट केलं, त्याला एस हे अक्षर दिलं. शेवटी बीसीडीबूट कमांड, तिला तीन गोष्टी सांगायच्या, विंडोजचं फोल्डर कुठे आहे, बूटच्या फायली कुठे ठेवायच्या म्हणजे आपलं ते एस, आणि प्रकार यूईएफआय. सेकंदात होतं काम.

पीसी बंद करून जुनी डिस्क काढली, बायोसच्या बूट लिस्टमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरला आणला आणि पीसी सुरू झाला, टॅली उघडलं, दादा लगेच बिलांना बसला पण.

जीपीटीखाली स्टार नसेल, म्हणजे डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल, तर वरचं काही करू नका. तिच्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर टू जीपीटी नावाचं टूल आहे, २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून येतं, पण ते आधी नुसतं व्हॅलिडेट करून बघायचं आणि पास झालं तरच कन्व्हर्ट.

आणि कोणी नवीन एसएसडीवर विंडोज टाकून देत असेल तर त्याच्यासमोर उभं राहून जुन्या डिस्कची केबल काढायला लावा, सेटअप पूर्ण झाल्यावरच ती परत जोडायची.