तुम्ही विचारलंत म्हणून: मी ती कमिटी का सोडली

आता एकदाच लिहितो, म्हणजे रंकाळ्यावर फिरताना आणि प्रत्येक लग्नाच्या पंगतीत तेच तेच सांगायला नको. "सर, सामाजिक न्याय तर तुमचा जिव्हाळ्याचा विषय, मग संस्थेच्या सामाजिक धोरणाच्या आराखड्याच्या कमिटीतनं बाहेर का पडलात?" शिक्षणसंस्थेचं नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही.

भांडण झालं नाही. कुणी अपमानही केला नाही, उलट चहा-बिस्किटं वेळेवर यायची.

झालं असं की गगनबावड्याकडची एक मुलगी, एमएस्सी झालेली, पुण्यात कोर्सला नंबर लागलेला, टीसी पाहिजे होता. आमच्याच ऑफिसच्या खिडकीवर सांगितलं नो ड्यूज आणा. ड्यूज कसले, तर स्कॉलरशिपचे! महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, फॉर्म मंजूर, पण आधार बँकेला नीट लिंक झालेलं नाही म्हणून पैसे अडकलेले, आणि तेवढी फी हिच्या नावावर बाकी दिसतेय. मी खिडकीवर गेलो, जरा आवाज चढवूनच बोललो. क्लार्क शांतपणे म्हणाला, "सर, ऑडिटला उत्तर मला द्यावं लागतंय, तुम्हाला नाही." खरं होतं त्याचं, त्याच्यावर माझा आजही राग नाही. मग मी पाकीट काढलं. तिचे वडील इतका वेळ जिन्यापाशी गप्प उभे होते, ते पुढं आले आणि म्हणाले, "सर, तुमचं पैसं नगोत. आमचं येणं सरकारकडनं हाय, तुमच्याकडनं न्हाई." पाकीट परत खिशात घालताना मला जे वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही, एवढंच सांगतो की रागही आला होता, त्यांचाच. टीसी मिळाला, पण तोवर पुण्याची तारीख गेलेली.

त्याच महिन्यात कमिटीची मीटिंग. आराखड्याच्या कव्हरवर २०१९ च्या पुराचा फोटो, आपली एनएसएसची पोरं प्रयाग चिखलीत कमरेएवढ्या पाण्यात. पोरांनी खरंच जीव तोडून काम केलं होतं, त्यात खोट काढणार नाही. पण मला तिथंच लख्ख दिसलं, की आम्ही समाज म्हणतो तो गेटच्या बाहेरचा. गेटच्या आत येऊन खिडकीवर उभा राहिला की तो थकबाकीदार.

मी एकच परिच्छेद लिहून नेला होता: मंजूर स्कॉलरशिप यायची असेल तर त्यासाठी कागद अडवायचा नाही, आणि किती जणांचे अडले त्याचा तक्ता दर तीन महिन्यांनी कमिटीपुढं ठेवायचा. यात माझं डोकं काही नाही हो. २६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा जाहीरनामा बघा, पन्नास टक्के राखीव जागांचं आपण सगळे सांगतो, पण त्यातच पुढं खातेप्रमुखांना हुकूम आहे की नेमणुकांची माहिती दर तिमाहीला सरकारकडं पाठवायची. महाराज तेव्हा विलायतेत होते, तरी हिशेब मागायची सोय करून ठेवलेली. १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा पोरगं शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. म्हणजे कळवळा होताच, पण पाठीमागं वही होती.

माझ्या परिच्छेदाच्या जागी पुढच्या मसुद्यात आलं, "वंचित घटकांप्रती बांधिलकी जोपासली जाईल." मी सही केली नाही.

आता तुमचं दुसरं वाक्य मला पाठ आहे, आत राहून लढायचं होतं. अहो, हेच वाक्य मी पूर्वी एका सहकाऱ्याला सुनावलंय, ते पण चांगलं तासभर, दसरा चौकात गाडी लावून. तेव्हाचा मी आत्ताच्या मला पळपुटा म्हणेल आणि त्याला खोडून काढायला माझ्याकडं फार काही नाही. वर माझं लिहिलेलं खोडलं म्हणून तळपायाची आग मस्तकात गेली होती, ते वेगळंच, त्यात समाजबिमाज काही नव्हता.

पण आत राहून केलं काय असतं? वाक्यरचना सुधारली असती. मराठीचे शुद्धलेखन तपासायला माणसं मिळतात.

परत बोलावलं तर जाणार का, हेही विचारताय. तिमाही तक्ता ठेवणार असतील तर जाईन म्हणतो. बायको म्हणते, नाही ठेवला तरी तुम्ही जाणारच.