गोवराच्या नोटिशीतले ते दोन तास

टेक्सासात गोवराचा रुग्ण सापडला की आरोग्य खात्याची नोटीस निघते. नाव-गाव काही नाही. पण अमुक दुकान, अमुक तारीख, दुपारी २ ते ५, एवढं नेमकं. रुग्ण ३ वाजताच निघून गेलेला असतो. पुढचे दोन तास हवेत राहणाऱ्या विषाणूचे. आपल्याकडे आजारी लेकराचं घर अख्ख्या गावाला ठाऊक असतं, वेळ मात्र कुणी विचारत नाही.

पुरळ उठलं तो दिवस शून्य. आधीचे चार आणि नंतरचे चार दिवस रुग्ण कुठेकुठे गेला, हे कर्मचारी फोनवर खोदून काढतात. आलेखही पुरळाच्या तारखेने मांडतात, अहवालाच्या नव्हे. अहवालाची तारीख धरली तर प्रयोगशाळेला सुट्टी असली की साथ ओसरल्यासारखी दिसते आणि सुट्टी संपली की उसळते. पुरळाच्या तारखेनेही शेवटच्या आठवड्याचे खांब बुटकेच असतात, कारण त्या दिवसांचे रुग्ण अजून नोंदले जायचे असतात. तो उतार बघून पथकं मागे घेतली की संपलंच!

घाईचं कारण साधं आहे. आजार टाळायचा तर रुग्णाच्या संपर्कात आल्यापासून ७२ तासांत लस, फार तर ६ दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. म्हणून डॉक्टरने नुसत्या संशयावर आरोग्य खात्याला फोन करायचा, अहवालाची वाट बघायची नाही. संपर्कात आलेल्या, लस न घेतलेल्यांनी २१ दिवस घरी थांबायचं. ४२ दिवस नवा रुग्ण नाही, तेव्हाच साथ संपली म्हणतात. पश्चिम टेक्सासची साथ ७६२ रुग्णांनंतर १८ ऑगस्ट २०२५ला संपल्याचं जाहीर झालं ते असंच.

एवढं कौतुक केल्यावर हेही सांगते: टेक्सासच्या लसनोंदणीत संमतीशिवाय नाव चढत नाही. त्यामुळे भर साथीत लसीचे कागद शोधत बसायचं. आपल्या आशाताईच्या वहीत कुणाच्या पोराचा डोस राहिलाय ते आधीच लिहिलेलं असतं. या बाबतीत आपण पुढेच आहोत, कुणी काही म्हणो.

पण ती वही गावापुरती. बीडचं ऊसतोड कुटुंब दसऱ्यानंतर कारखान्यावर गेलं की १६ ते २४ महिन्यांतला गोवराचा दुसरा डोस नेमका कोपीवर, म्हणजे कारखान्याजवळच्या झोपडीत, असताना येतो. गावच्या यादीत ‘स्थलांतरित’, कारखान्याकडच्या यादीत नावच नाही. पुरळ उठलं तर रुग्ण तिकडे मोजला जातो आणि राहिलेला डोस इकडे. निघताना लसीचं कार्ड सोबत दिलं, तर तिथल्या उपकेंद्रातल्या सिस्टरला पुढचा डोस कोणता ते लगेच कळतं.