खिद्रापूर : कोपेश्वर मंदिराच्या बाह्यभिंतींवरील शिल्पे

कोल्हापूरहून नरसोबाची वाडी आणि कुरुंदवाड मागे टाकून खिद्रापूरच्या वाटेला लागले की दोन्ही बाजूंना उसाचे मळे आणि कृष्णेच्या गाळाची काळी जमीन यांखेरीज फारसे काही दिसत नाही. शिरोळ तालुक्याच्या अगदी टोकाला, नदीकाठी वसलेल्या या गावात बाराव्या शतकात शिलाहारांच्या राजवटीत कोपेश्वराचे काळ्या पाषाणातील मंदिर उभे राहिले.

येथे येणारी बहुतेक मंडळी थेट स्वर्गमंडपात शिरतात आणि छताच्या मध्यभागी सोडलेल्या सुमारे 13 फूट व्यासाच्या वर्तुळातून आकाश पाहतात. 48 खांबांचा तो मंडप, कडेने कोरलेला कार्तिकेय आणि आपापल्या वाहनांवर आरूढ झालेले अष्टदिक्पाल हे सारे अपूर्व आहेच, त्याबद्दल वाद नाही. परंतु माझ्या मते खिद्रापूरचे खरे वैभव बाहेरच्या भिंतींवर आहे आणि ते पाहायला मंदिराला सावकाश प्रदक्षिणाच घालावी लागते.

प्रदक्षिणेत सर्वांत आधी नजर खाली, गजपट्टाकडे जाते. मंदिराच्या पायाशी एकाला लागून एक असे नव्वदच्या आसपास हत्ती कोरलेले आहेत आणि मंदिराचा सारा भार त्यांनीच पेलला आहे, असे वाटावे अशी त्यांची ठेवण आहे. मी एका हत्तीपुढे उकिडवा बसलो, तेव्हा दुरून निव्वळ पट्टा म्हणून दिसणाऱ्या त्या कामातले बारकावे उलगडू लागले. गळ्यातील घंटांची माळ, गंडस्थळावरून उतरलेली मोत्यांची जाळी, पायांतील साखळी आणि पाठीवर बसलेली देवता, हे सर्व इतक्या निगुतीने कोरले आहे की घंटेच्या कडेची पातळ रेघसुद्धा बोटाला लागावी. शेजारच्या हत्तीची झूल निराळी, त्याच्या पाठीवरची देवताही निराळी. त्याच त्या नमुन्याची आवृत्ती काढून काम उरकण्याचा मोह त्या पाथरवटांना झालेला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. बहुतेकांच्या सोंडा मात्र तुटलेल्या आहेत आणि ते पाहताना जीव हळहळतो.

गजपट्टाच्या वर भिंत सरळ जात नाही. ती ठिकठिकाणी कोन करून पुढेमागे होते, त्यामुळे एका अंगावर ऊन तर लगतच्या अंगावर सावली पडते आणि देवता, वादक व सुरसुंदरी यांची उठावदार कामे एकेक करून पुढे येतात. आरसा धरलेली, वाद्य वाजवणारी, नृत्यात मग्न झालेली अशा या सुरसुंदरी शिवालयाच्या भिंतीवर मोकळेपणाने वावरतात. त्यांतील एका नर्तकीचा चेहरा पार झिजला आहे, तरी एका पायावर तोललेले शरीर आणि त्याबरोबर कलंडलेला कमरपट्टा एवढ्यावरूनच तिची लय कळते. चेहरा हरवल्यावरही जे शिल्प बोलते, त्याच्या घडवणाऱ्याला शरीराची किती सखोल जाण असेल!

शिवमंदिर असूनही येथे नंदी नाही. दक्षयज्ञात सतीने देहत्याग केल्यावर कोपलेला शिव तो कोपेश्वर, त्याची समजूत घालायला आलेला विष्णू तो धोपेश्वर, म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगे. आणि सती माहेरी गेली ती नंदीवर बसून, म्हणून नंदी पलीकडे कर्नाटकातील यडूरला, अशी कथा गावात सांगतात. दर्शनाला आलेल्या एका आजीबाईंनी ती मला इतक्या आपुलकीने सांगितली की जणू घरातलीच हकिगत असावी.

दक्षिणद्वाराजवळ देवगिरीच्या यादव सिंघणदेवाचा शके 1136 चा, म्हणजे इ.स. 1213-14 चा संस्कृत शिलालेख आहे. शिलाहार दुसऱ्या भोजाचे राज्य जिंकणाऱ्या या राजाने कोपेश्वराला गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. राज्य बदलले, तरी देवाची व्यवस्था खंडित झाली नाही, याचा तो पुरावाच होय. नागरी लिपीतील ती अक्षरे आजही बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. जाणाऱ्यांनी प्रदक्षिणेची सुरुवात या लेखापासून करावी आणि गजपट्टासाठी किमान एक तास राखून ठेवावा.